पाचव्या वर्षातला पूल

उपसरपंच आबाचा बूट माझ्या उजव्या हातावर होता आणि तो टाच फिरवत होता. हाताखाली लाल रांगोळी होती. तिचे कण कातडीत घुसत होते. ग्रामपंचायतीच्या अंगणात चाळीसेक माणसं उभी होती. एकानेही "आबा, पाय काढा" म्हटलं नाही. ग्रामसेवक मोबाइल बघत राहिला.

आबाला मी आजवर अहो-जाहो केलं. इथे अरे-तुरे करते आहे. मुद्दाम.

मी भिलाटीतली, गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतली. राखीव जागेवर निवडून आलेली सदस्य. सभेत मला खुर्ची नसायची. मी दाराशी, चपलांजवळ बसायचे. त्या दिवशी मात्र माझी गरज पडली. गावाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठरायचा होता, जळगावहून साहेब येणार होते. अशा वेळी आमच्याकडे अंगणात गावाचा नकाशा रांगोळीने काढतात. कोणतं काम कोणत्या वर्षी, तो आकडा त्यावर टाकतात. मग फोटो. माझा हात चांगला, म्हणून बोलावणं आलं.

मी सगळं गाव काढलं. देऊळ, शाळा, आबाच्या केळीच्या बागा, वेशीवर व्हायची कमान. मग नाला काढला, नाल्यापलीकडे आमची भिलाटी. नाल्यावर लाल पूल काढला आणि त्यावर आकडा टाकला. एक.

आबा वाकून म्हणाला, "पुस ते. एक नंबरले कमान शे."

कमान म्हणजे वेशीवरची स्वागत कमान. तिच्यावर त्याच्या बापाचं नाव येणार होतं.

"तुमना पूल पाचवा सालमा शे."

हे पाचवं साल भिलाटीला पाठ आहे. सदस्य झाल्यावर मी कपाटातले जुने आराखडे काढून वाचले. प्रत्येकात आमचा पूल आहे, आणि प्रत्येकात तो पाचव्या वर्षी आहे. पाचवं वर्ष येतं तेव्हा निधी संपलेला असतो. मग नवा आराखडा होतो, आणि पूल पुन्हा पाचव्या वर्षी जाऊन बसतो. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाही तो तिथेच होता. कागदावर एक अक्षर खोटं नाही. माणसं मारायची केवढी सोपी रीत.

हो, मारायचीच. मागच्या पावसाळ्यात माझ्या जावेला, सुमनला, कळा लागल्या. भरदुपार होती. नाला छातीइतका. पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी होती, ड्रायव्हर हात हलवताना दिसत होता. तिला बाजेवर घालून, बाजेला दोर बांधून चौघे पाण्यात उतरले. बाज उलटायला लागली तसे माघारी फिरले. सुमन काठावर, चिखलात, माझ्या मांडीवर मेली. तिचं रक्त माझ्या साडीतून वाहत नाल्यात गेलं. पोर पोटातच राहिलं. दोघांना एकाच खड्ड्यात पुरलं.

म्हणून मी पुलावर हात आडवा ठेवला आणि म्हटलं, "मी नही पुसनार."

"नही पुसस? मंग मी पुसस."

त्याने हातासकट पूल पुसायला घेतला. बोटं मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मग डाव्या हाताने त्याचा घोटा धरला आणि सगळा जीव लावून ओढला. आबा उताणा पडला, आपल्याच कमानीवर. मी त्याच्या छातीवर बसले आणि मूठभर रांगोळी त्याच्या तोंडात कोंबली. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

त्याच्या पुतण्याने मला केसांना धरून फरफटवलं. पोटात लाथा घातल्या. एक दात तिथेच पडला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मारी टाकू नका, साहेब येवामा शे." माझा जीव वाचला तो फोटोसाठी.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "चाल, आबाना पाय धर. आपले आठेच ऱ्हानं शे." इथेच राहायचं आहे, हे सांगताना तो रडत होता. भीती मलाही होती. पण मी गेले नाही.

तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक ठरावावर माझी सही घ्यायला आला. नाल्यातून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन. मी डाव्या हाताने लिहिलं : पूल पहिल्या वर्षी नसेल तर या आराखड्याला माझा विरोध.

"ताई, इथे फक्त सही करायची असते."

"वाचा. मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. ओल्या पायांनी उभं राहून वाचलं.

आराखडा तरीही मंजूर झाला, बहुमताने. माझी दोन बोटं आता सरळ होत नाहीत, रांगोळी चिमटीत धरता येत नाही. वेशीवर कमानीसाठी खड्डा खणून झाला आहे. सिमेंटची गाडी येईल त्या दिवशी मी आणि भिलाटीतल्या बाया त्या खड्ड्यात उतरून बसणार आहोत. आबाला तसा निरोप दिला आहे. आधी पूल. नाहीतर ते सिमेंट आमच्या डोक्यावर ओत.