खांदा दुखतोय, मार्क नऊ

मंडळी, आज ऑफिसातून घरी, इथे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात, पोचले आणि हेल्थ इन्शुरन्सवाल्यांचा फोन आला. आमच्या हाउसआर्ट्सच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, सेवेचा दर्जा तपासायचा होता.

फोन डाव्या हातात धरला, कारण उजवा हात हिवाळ्यापासून खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरकडे कितीदा तरी जाऊन आले. दरवेळी पॅरासिटामॉल आणि "थोडी वाट बघा." स्पेशालिस्टकडे काही पाठवत नाहीत.

अपॉइंटमेंट वेळेत मिळाली? हो. रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलली? हो, गोड आहे बिचारी. डॉक्टरांनी ऐकून घेतलं? घेतलं. मग दहापैकी किती?

म्हटलं, नऊ! कुणाकडे जेवायला गेल्यावर भाजी खारट असली तरी "छान झालीये" म्हणतो ना, तसंच तोंडातून निघालं.

खांदा बरा झाला का, हे त्यांनी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही.

नवरा मागे उभा राहून माझे केस बांधत होता. सध्या ते काम त्याच्याकडे आहे. म्हणाला, "दिवसभर क्वालिटीचं काम करतेस ना? चालत नसलेला पार्ट असा पास केला असतास?"

कंटाळा आलाय हो. दुखण्याचा, आणि बरंय बरंय म्हणण्याचासुद्धा. आता त्यांच्या रिपोर्टात आमचा डॉक्टर उत्तम ठरेल आणि पुढच्या पेशंटलाही पॅरासिटामॉलच मिळेल.

तुम्ही अशा फोनवर खरं सांगता, की नऊ सांगता?