मासळीशेजारचा शेपू

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा हिच्या पिशवीत अळीव-डिंक होते आणि माझ्या डोक्यात चाळीस वर्षांच्या भाजीधंद्याची हवा. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको मखमलाबादहून थेट हॉलंडला निघालो होतो. मुलूख कुठलाही असो, भाजीतलं आपल्याला कोण शिकवणार, अशी माझी खात्री होती.

लेकीचं, पुष्पाचं, गाव देखणं. कालवे, सायकली, चित्रातली घरं. माणसं मात्र काचेआडच दिसायची. दोन वर्षांत पुष्पाची तिथे कुणाशी ओळख झाली नव्हती, आणि जावई सकाळी गेले की दिवेलागणीलाच उगवायचे. नातू झाला, पेढे वाटायला दार सापडेना. हिला एकच घोर लागला.

"आपन गेल्यावर इच्याकडं कोन बघंल वो? दुखलं-खुपलं तर हाक कुनाला मारायची?"

शेजारी काही मला आणून देता येत नव्हते. म्हणून बाळंतिणीसाठी शेपू आणायचं काम मी अंगावर घेतलं. निघताना पुष्पा म्हणाली, "अण्णा, भाव करू नका, काही चाखून बघू नका. मला इथंच राहायचंय."

तिथलं दुकान इस्पितळासारखं. ओरडा नाही, पाण्याचा शिडकावा नाही, भाजी प्लास्टिकात गुंडाळलेली. एक गड्डा असा की आमच्याकडे गुरं हुंगून सोडतील. पलीकडे कास, म्हणजे तिकडचं चीज, त्यावर निळी बुरशी. आमच्याकडे बुरशी दिसली की माल परत येतो. इथे बुरशीचे पैसे जास्त लावतात.

मग कुर्झेत (काकडीसारखी दिसणारी भोपळ्याची जात) दिसली आणि माझा हात शिवशिवला. दुधीला नख लावल्याशिवाय कोवळेपणा कळत नाही, ही आमची रीत. माझ्या पाटीवर गिऱ्हाइकानं नख लावलं की मी त्याचा उद्धार करायचो, पण घेणारा झालो की मीही गिऱ्हाईकच. एक पाहिली, दुसरी पाहिली. आठवीला हात घातला तेव्हा खांद्यावर हात पडला.

एप्रन घातलेली धिप्पाड बाई. तिनं सातही कुर्झेतींवरच्या माझ्या नखाच्या खुणा मला दाखवल्या आणि एकेक करून माझ्या टोपलीत टाकल्या. भाषेची गरजच पडली नाही. पोरीला या गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही आपण, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अब्रू गेलीच होती, निदान शेपू तरी न्यावा. मी पाळणा हलवून दाखवला, मग छातीशी बाळ धरून दाखवलं. साठीच्या मिशीवाल्याचं हे सोंग बघायला तीन गिऱ्हाइकं थांबली. बाईनं दुधाच्या पावडरीचा डबा आणला.

"नाय बाई, नाय!" म्हणत मी कागदावर पाला काढला, दोऱ्यासारखा बारीक. ती मनापासून हसली आणि बाही धरून मला मासळीच्या कपाटाकडे घेऊन गेली. "दिले," ती म्हणाली; तिच्या भाषेतलं नाव असावं. शेपूच! उरलेल्या जुड्या आम्ही गुरांपुढे टाकतो. इथे चार काड्या प्लास्टिकात, माशाच्या शेजारी पाहुण्यासारख्या. होत्या तेवढ्या सगळ्या उचलल्या.

कुर्झेती बघताच पुष्पा म्हणाली, "नख लावलंत ना?" शेपू तिनं खाल्ला, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जावयांनी मात्र आठवडाभर कुर्झेतीचं भरीत, थालीपीठ, रायतं बिनतक्रार गिळलं. पुढं पुष्पाच बाळाला घेऊन माफी मागायला गेली. त्या बाईनं माफी ऐकूनच घेतली नाही. बाळाला खांद्यावर घेतलं आणि घर कुठं ते विचारून ठेवलं. दुकानदार चौकशा करतातच, असं मी म्हटलं.

तीन महिन्यांनी परतलो. गावात सगळे ट्यूलिपचं विचारत होते. मी सांगत सुटलो, "फुलं झकास, माणसं कोरडी. मेलं तरी कोण डोकावायचं नाय."

महिनाभरानं पुष्पाचा फोन आला. जावई परगावी, तिला तीन दिवस सडकून ताप. पुष्पा नेहमीसारखी दुकानात दिसली नाही म्हणून ती एप्रनवाली बाई सरळ दारात आली. बाळाला आंघोळ घातली, पुष्पाला सूप करून पाजलं, झोपवलं.

"रोज संध्याकाळी येते, अण्णा. आत्ता इथंच आहे."

गावभर पसरवलेलं आता घरोघर जाऊन परत घ्यावं लागणार होतं. फोन हिच्याकडे दिला. हिनं सगळं पुन्हा विचारून घेतलं, मग फोन ठेवून ही भिंतीला टेकली.

"आज मला झोप लागंल," म्हणाली.