डकवू नको, बसव

सॉकेट मॅडमच्या घरात कुठलीच वस्तू कायमची लावलेली नव्हती. पडदे चिमट्यांवर, आरसा नुसता खिळ्यावर टेकलेला, दारावरची नावाची पाटी दोन हुकांवर टांगलेली. पुढचे दोन दातही काढता-घालता येणारे होते, आणि त्याचं दुःख सोडाच, त्यांना कौतुकच होतं. "बिघडला तर तेवढाच बदलायचा," असं त्या दात हातात घेऊन सांगायच्या. त्यामुळे सांगण्यातलं निम्मं हवेतच जायचं.

नांदेडच्या पॉलिटेक्निकात त्या आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. सॉकेट मॅडम हे नाव आमच्या आधीच्या कुठल्या तरी पोरांनी ठेवलेलं, आम्हाला ते वारसाहक्कानं मिळालं. बोर्डावर काहीही लावायचं असलं की आधी सॉकेट डाखायचं, म्हणजे सोल्डर करायचं, आणि मग त्यात ती वस्तू खोचायची, हा त्यांचा कायदा. थेट डाख देणाऱ्याच्या पाठीमागे त्या मांजरासारख्या येऊन उभ्या राहायच्या आणि कानाशी म्हणायच्या, "डकवू नको, बसव." मग जरा दमानं, "लावतानाच काढायचा विचार करावा माणसानं."

एकदा आम्ही त्यांच्या प्रयोगशाळेची हुकावरची पाटी उचलली आणि प्राचार्यांच्या स्कूटरला टांगली. बेत माझा होता, पकडला गेलेलाही मीच. मॅडम रागावल्या नाहीत. वर्गाला म्हणाल्या, "बघितलं का? स्क्रूनं लावली असती तर या गाढवानं दार फोडलं असतं." माझा खोडसाळपणाही त्यांनी आपल्या सिद्धांताच्या खात्यात जमा करून टाकला.

पुढे मी पुण्यात नोकरी केली, कंटाळलो, आणि लातूरला येऊन एका गाळ्यात सर्किटं बनवायला बसलो. घरच्यांनी त्याच सुमारास चाकूरची एक मुलगी पाहिली. मला ती फार आवडली, आणि तिचा माझ्याबद्दल गैरसमज झालेला असावा, कारण तिनंही होकार दिला. अडले तिचे वडील. ते तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. पुण्याची नोकरी सोडून हा पोरगा लातुरात नेमकं काय करून राहिला, हे त्यांना उमजेना. त्यांच्या शाळेत घंटा वाजवणारा शिपाई निवृत्त झाला होता. मी ऐटीत सांगून टाकलं, की आपोआप वाजणारी घंटा बनवून देतो. ते शांतपणे म्हणाले, "जावई करून घ्यायला आमची ना न्हाई. पण आधी घंटा वाजू द्या."

अशा कामाला बोटभर लांबीचा एक तयार बोर्ड मिळतो. अक्कल सगळी त्यात असते. आपण फक्त एक मोठा बोर्ड आखून घ्यायचा, त्यावर या अकलेला बसायला दोन ओळींत भोकं ठेवायची, आणि घंटेच्या तारा जोडायच्या. मी आखलं, छापून मागवलं. शाळेत घंटा लावायच्या आदल्या दिवशी नुसती शायनिंग मारायला म्हणून सगळं सामान घेऊन मॅडमकडे नांदेडला गेलो.

त्यांनी माझा हिरवागार बोर्ड हातात घेतला आणि पहिला प्रश्न केला, "सॉकेट कुठंय?"

मी म्हणालो, सॉकेटनं उंची वाढते, मला आपलं चापूनचोपून पाहिजे. छोटा बोर्ड थेट डाखणार आहे.

मॅडमनी मला डाख द्यायची गन गरम करायला लावली आणि डब्यातून सॉकेटच्या दोन पट्ट्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी तोंड वाकडं करून त्या डाखल्या. आता छोटा बोर्ड खोचणार, तर माझा हात धरून म्हणाल्या, "खुर्ची रिकामी हाय तवर मोजून घे." मीटर आणला. जिथं पाच व्होल्ट यायला पाहिजेत तिथं शून्य, आणि समोरच्या ओळीत, जिथं काही यायला नको, तिथं पाच व्होल्ट ठणठणीत. डावं ते उजवीकडे, उजवं ते डावीकडे. छोटा बोर्ड थेट डाखला असता तर जळूनच गेला असता. नवे बोर्ड छापून यायला आठवडा तरी जाणार होता, आणि घंटा उद्या वाजायची होती.

मॅडमनी छोटा बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा घसरेपर्यंत हसल्या. "पोटाकडून बघून आखलास व्हय रे? आरशातल्या माणसाचा भांग पाडून राहिलास."

मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी, मुख्याध्यापक, घंटा. त्या हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आरशातलाच हाय ना? मग आरशाच्या मागं जाऊन बसव."

दोन्ही पट्ट्या तोडून त्यांचे पाय आम्ही एकेक करून उपटले. नव्या पट्ट्या मोठ्या बोर्डाच्या खालच्या अंगाला लावल्या. पुन्हा मोजलं. या खेपेला प्रत्येक व्होल्ट आपापल्या घरी होता. छोटा बोर्ड खालून, वटवाघळासारखा उलटा लटकला आणि त्याचा निळा दिवा लागला. सगळं ज्या डबीत जाणार होतं तिच्या तळाला तो टेकू नये म्हणून मॅडमनी बॉलपेनच्या नळ्या कापून मोठ्या बोर्डाच्या चारी कोपऱ्यांना पाय केले. मी मात्र डबीचं झाकण उलटं लावलं. ते त्यांनी सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी चाकूरला घंटा वेळेवर वाजली. पोरं प्रार्थनेला धावली. मुख्याध्यापकांनी मात्र डबी उघडायला लावली, वाकून पाहिलं आणि विचारलं, "हा आतला उलटा का टांगला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "खडूची धूळ बसू नये म्हणून, सर."

ते बराच वेळ मान डोलवत राहिले. लग्न झालं. सासरे आजही शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती डबी उघडून दाखवतात आणि धुळीचं सांगतात. मॅडमना हे कळवलं तर म्हणाल्या, "खोटंसुद्धा काढता येईल असं बोलावं रे. हे तू कायमचं डकवलंस."

लग्नानंतर बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कृतज्ञतेच्या भरात त्यांच्या दाराला मी एक बेल लावून दिली. ड्रिल लातूरला विसरलो होतो, म्हणून बटण चौकटीला एपॉक्सीनं चिकटवलं. मॅडमनी नखानं उचकटून पाहिलं. ते हललं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

गेल्या वर्षी त्या हैदराबादला लेकीकडे राहायला गेल्या. घर भाड्यानं दिलं. सामान बांधायला मी गेलो होतो, पण मला करण्यासारखं काही नव्हतंच. पडदे चिमट्यांवरून उतरले, आरसा खिळ्यावरून उतरला, पाटी त्यांनी स्वतःच हुकांवरून उचलून पिशवीत घातली. बघता बघता घर मोकळं. मी चौकटीवरचं बटण काढायला स्क्रूड्रायव्हर घातला, तशी त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "एक तरी इथं राहू दे."

अजूनही कामानं नांदेडला गेलो की मी त्या गल्लीत वळतो आणि बेल दाबतो. नवे भाडेकरू दार उघडतात. मी म्हणतो, माफ करा, चुकून दाबली. परवा त्यांनी विचारलं, तुम्ही नेहमी चुकता का? मी म्हणालो, हाव, नेहमीच.