सोमवारचा बांगडा

कोल्हापुरात स्टँडामागे खानावळीसाठी एक जागा मिळत होती. मालकाला बुधवारी हो की नाही ते सांगायचं होतं. तिथं जिकडेतिकडे मटणच, म्हणून आम्ही मालवणी मासा वाढायचं मनात घेतलं. अडचण एवढीच, की माझ्या बायकोनं, सुशीलानं, समुद्राचा मासा कधी रांधलेला नव्हता. तो शिकायला शनिवारी सकाळी आम्ही मालवणला निघालो.

फोंड्याच्या घाटात एसटी फार लागते, जाणार असाल तर न्याहारी बेताची करा. कसालला गाडी बदलायची. तिथं तिठ्यावर एक म्हातारा फणसाच्या ओंडक्यातून मृदंगाचं खोड कोरत होता. मी बघत बसलो आणि मालवणची शेवटची गाडी गेली. त्याच्याच पडवीत राहिलो. रविवारी तो दुसरं तोंड कोरणार होता, तेही बघितलं. सुशीला माझ्याशी बोलेनाशी झाली.

मालवणला पोचलो ते रविवारी दिवेलागणीला. सकाळी पेठेतल्या खानावळीत पाटावर बसलो, तर मालक म्हणाला, "आज सोमवार. उसळ-भात आसा. मासो नाय."

"अजून बघा मृदंग," सुशीला म्हणाली. मंगळवारी परतीची गाडी होती.

मालकालाच आमची दया आली. "हयच मेढ्यात रोजामावशीकडे जावा. क्रिस्तांव ती, तिका सोमवार नाय. दोन मास्तरांक जेवण घालता."

वाटेत बंदराचा धक्का लागला. बांगड्यांनी भरलेल्या टोपल्या तशाच पडून होत्या. "आज सोमवारचो घेतलो कोण?" म्हणत कोळणीनं डझनाच्या पैशात जवळजवळ दोन डझन दिले. त्या बांगड्यांवरच पुढचं सगळं निभावलं.

रोजामावशीनं सुशीलाला सरळ पाट्यावर वाटायला बसवलं. तिखलं करायचं होतं, म्हणजे कोकम-तिरफळं घातलेलं माशाचं दाट कालवण. सुशीलानं घरच्यासारखा कांदा-लसूण भाजला, मिरच्या वाटल्या आणि त्यातच तिरफळंही बियांसकट वाटून टाकली. घास घेतला तर कडूजहर.

"तिरफळां वाटूची नसतत गो. बियो काढून नुसती ठेचूची. मी बघी होतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगलेला इसारतलंस. कडू खाल्लंस, आता नाय इसारूचंस. ह्या मांजराक घाल. बांगडे आसत अजून."

दुसऱ्या खेपेला चव जमली, पण पळीनं ढवळल्यामुळे माशाचा भुगा झाला. "पळी ठेव. भांडाच हालव," मावशी म्हणाली. सुशीलाचे डोळे भरून आले होते. मी कोकमं निवडत बसलो. समोर खिडकीतून किल्ला दिसत होता. तो बघायचा राहिलाच.

तिसऱ्या भांड्यातलं तिखलं उकड्या भातावर घेऊन मावशी सावकाश जेवली आणि तिनं आणखी भात मागितला. सुशीलानं बोटं चाटली.

"उद्या कसालला गाडीपाशीच उभं राहायचं," ती मला म्हणाली. "बुधवारी जागेच्या मालकाकडे जायचंय."

राहिलो उभा. म्हाताऱ्यानं लांबून हात केला, तरी हललो नाही.

खानावळ चालू होऊन आता वर्ष होत आलं. कोल्हापुरात मासा बर्फातून येतो, मालवणची सर नाही, पण माणसं पुन्हा येतात. सोमवारी दार बंद असतं. त्या दिवशी मासा स्वस्त मिळतो, आणि सुशीला न येणारं काहीतरी करायला घेते. परवा तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, बिघडवल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा तिसऱ्याच आहेत.