तारांसकट पगारेताई

पगारेताईंना पाहण्याच्या कितीतरी दिवस आधी मी त्यांना ऐकलं होतं. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला आणि पलीकडून एक आवाज म्हणाला, "रेखा कुलथे का? सोमवारी सकाळी साडेदहाला टायपिस्टच्या जागेसाठी मुलाखत आहे. मूळ प्रमाणपत्रं आणा. आणि दुसऱ्या गेटनं या, पहिल्यावर वॉचमन उगाच ताटकळत ठेवतो." आवाज इतका स्वच्छ आणि धीराचा होता की नोकरी मिळालीच, असं समजून मी घरी आले.

नोकरी खरंच मिळाली. सातपूरला विजेच्या मोटारींचे सुटे भाग बनवणारा तो कारखाना होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी बावीस वर्षांची होते. पहिल्याच दिवशी मी टेलिफोन एक्स्चेंजच्या काचेच्या खोलीत आभार मानायला गेले. शकुंतला पगारे तिथल्या ऑपरेटर. तिशीच्या आसपासची, नीटनेटकी सुती साडी नेसलेली बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी बोलायला लागल्याबरोबर त्यांचा डावा हात तोंडापाशी गेला. हातात घडी घातलेला पांढरा रुमाल होता. त्या रुमालाआडूनच त्या माझ्याशी बोलल्या, आणि हसू आलं तेव्हा भिंतीकडे वळून हसल्या.

त्यांचे वरचे पुढचे दात चांगलेच पुढे होते, त्यातही दोन एकमेकांवर चढलेले. ओठ मिटत नसत. हे मला कळायला बरेच दिवस लागले, कारण त्या कुणाला दिसूच देत नसत. डबासुद्धा एक्स्चेंजमध्ये एकट्याच खायच्या.

फोनवर मात्र त्या कुणालाच दबायच्या नाहीत. पलीकडचा माणूस "साहेब नंतर फोन करतील" म्हणाला की विचारायच्या, "नंतर म्हणजे किती वाजता?" वेळ सांगितल्याशिवाय सुटका नसे. पिंपळगावच्या शीतगृहाचा मालक असो की मुंबईचं मोठं गिऱ्हाईक, सगळे मुकाट्यानं वेळ सांगायचे. आमचा शिपाई निवृत्ती म्हणायचा, "बाईंचा आवाज लय भारी हाय. मोठमोठे साहेब सरळ होत्यात."

या आवाजावर खूश झालेले पुण्याचे एक गिऱ्हाईक एकदा कारखाना बघायला आले. जाताना म्हणाले, "फोनवर बोलतात त्या बाईंना भेटायचंय. तीन वर्षं त्यांच्याशी बोलतोय." मी धावत सांगायला गेले. ताईंनी माझ्याकडे बघितलं, हेडफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मी रजेवर आहे म्हणून सांग." मग त्या बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन बसल्या. ते गृहस्थ गाडीत बसून गेल्यावरच बाहेर आल्या.

मी तेव्हा अडाणीच होते. विचारलं, "भेटायला काय हरकत होती ताई? चांगलं बोलत होते."

त्यांनी रुमाल खाली घेतला. पहिल्यांदाच. "बघ," म्हणाल्या. "नीट बघ. आता सांग, काय हरकत होती."

मी बघितलं, आणि दुसऱ्याच क्षणी माझी नजर टेबलावर गेली. ती नजर मला अजून टोचते. एक शब्दही न बोलता मी त्यांना उत्तर देऊन टाकलं होतं. ताईंनी रुमाल परत तोंडाशी धरला आणि पुढचा फोन घेतला. ते गृहस्थ पुन्हा कधी आले नाहीत.

तरी त्यानंतर ताईंनी मला जवळ केलं. नाशिकरोडकडच्या त्यांच्या वसाहतीत मी जायला लागले. आई-वडील आणि त्या असे तिघं राहायचे. वसाहतीतल्या विहारात दर रविवारी वंदना व्हायची, तिची सुरुवात ताई करायच्या, पण शेवटच्या रांगेत बसून. आवाज मागून यायचा आणि पुढचे सगळे त्यामागून म्हणायचे. मला ते विचित्र वाटे. त्यांच्या आईंनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं, "शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी हिला गाण्याच्या पोरींत मागं उभी करायचे. तवापासून ही मागंच." बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकानं 'मुलीला जरा हसायला सांगा' म्हटलं, त्या दिवशी ताईंनी वडिलांना बजावलं होतं की आता कुणालाही बोलवायचं नाही. वडिलांनी ऐकलं. दातांचं काही करता येतं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दात म्हणजे जन्माला आले तसे.

दोन हजार साल उलटलं आणि कारखान्यात आपोआप चालणारं नवं एक्स्चेंज आलं. आता ऑपरेटर नको होता. पर्सोनेल ऑफिसरनी ताईंना बोलावलं. टिपणं घ्यायला मी तिथेच होते. ते म्हणाले, "पगारेबाई, तुमचा आवाज आम्ही रेकॉर्ड करून घेणार आहोत. फोन केला की तोच ऐकू येईल. आणि तुम्हाला स्टोअरला टाकतोय, नोंदवह्या लिहायला."

ताई म्हणाल्या, "पुढे रिसेप्शनचं काउंटर होतंय ना, सर? तिथे मला द्या. सगळी गिऱ्हाइकं माझ्या ओळखीची आहेत."

"तिथे जरा प्रेझेंटेबल माणूस लागतं."

"म्हणजे कसं?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

ताई दारापर्यंत गेल्या. मग रुमालाआडूनच, पण अगदी फोनवरच्या आवाजात म्हणाल्या, "मग आवाजही मिळणार नाही, सर. आवाज पुढे आणि बाई मागे, असं आता नाही." आणि बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर त्यांनी मला विचारलं, "मोठ्या माणसांचे दात सरळ होतात का गं?" मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी शोधायला लागलो. पहिले डॉक्टर म्हणाले, "अडतिसाव्या वर्षी कशाला हा उद्योग? आता काय लग्न करायचंय का?" ताई उठल्या, नमस्कार केला आणि चालू लागल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "यांना दातांचं विचारलं होतं, लग्नाचं नाही."

कॉलेज रोडला एक तरुण डॉक्टर होत्या, दात सरळ करण्याचंच काम करणाऱ्या. त्यांनी आधी हिरड्या तपासल्या, एक्सरे काढला. मग नीट समजावलं, "हिरड्या आणि हाड चांगलं असेल तर या वयातही दात सरकतात. लहान मुलांपेक्षा वेळ जास्त लागेल. जागा करायला चार दात काढावे लागतील. मग तारा. हळूहळू मागे येतील."

"हळूहळू म्हणजे किती महिने?"

डॉक्टर हसल्या. "अडीच वर्षं धरा."

"धरली," ताई म्हणाल्या.

तारा बसवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई स्टोअरमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या हातात रुमाल नव्हता. मला वाटलं, विसरल्या असतील. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन सरळ कँटीनमध्ये आल्या, सगळ्यांच्या मध्ये बसल्या आणि दुधात कुस्करलेली भाकरी सावकाश खाऊ लागल्या. दातांवर चकचकीत पट्ट्या, त्यातून गेलेली तार, सगळं उघडं. पलीकडच्या टेबलावर कुजबूज झाली. एक जण मोठ्यानं म्हणाला, "बाई, या वयात हे काय?"

"रस्ता खणला की तिथे पाटी लावतात, काम चालू आहे म्हणून," ताई म्हणाल्या. "ही माझी पाटी. वाचून घ्या आणि जेवा."

नंतर मी त्यांना म्हटलं, दात सरळ होईपर्यंत तरी रुमाल ठेवायचा. त्या म्हणाल्या, "तेव्हा झाकत होते कारण माझ्या हातात काही नव्हतं. आता आहे."

हे सगळं बोलण्याइतकं सोपं नव्हतं. दर महिन्याला तार आवळली की चार दिवस त्यांना वरण-भाताशिवाय काही खाता यायचं नाही. गालाला आतून जखमा व्हायच्या. पण याहून मोठा घाव आवाजावर बसला. काढलेल्या दातांच्या फटी आणि तारा यांमुळे 'स' आणि 'च' सरकायला लागले. एका रविवारी विहारात वंदना म्हणताना त्या अडखळल्या, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळल्या आणि थांबल्या. शेजारच्या बाईंनी पुढे म्हटलं. परत येताना ताई रस्त्यात माझा दंड धरून रडल्या. "एकच गोष्ट चांगली होती माझ्याकडे," म्हणाल्या, "तीपण घालवली."

 मी म्हटलं, काढून टाका तारा. त्यांनी डोळे पुसले. "चार दात गेलेत. आता मागे फिरून कुठे जाऊ?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून गच्चीवर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लागल्या. पहिल्या पानापासून बाजारभावापर्यंत. त्यांचे वडील समोर खुर्ची टाकून बसायचे आणि शब्द घसरला की काठी आपटायचे. सहा-सात महिन्यांत आवाज बराचसा परत आला. पूर्वीसारखा अगदी नाही. थोडा खरखरीत झाला. मला तो जास्त आवडायचा.

तारा निघायला अजून चार महिने होते तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी नोकरी सोडून गेली. ताईंनी त्याच दिवशी अर्ज दिला. पर्सोनेल ऑफिसर म्हणाले, "तारा निघू द्या, मग बघू." ताई म्हणाल्या, "अर्ज आजचा आहे, सर," आणि थेट जनरल मॅनेजरांकडे वेळ मागितली. त्यांना त्या म्हणाल्या, "बारा वर्षं तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांशी मी बोलले. एक तक्रार दाखवा. काउंटरवर लोकांना तारा दिसतील. विचारतील, मी सांगेन. त्यानं मोटारीचा कुठला भाग बिघडेल?"

जनरल मॅनेजर कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी अर्जावर लिहिलं, 'तीन महिने बघू.' तीन महिन्यांनी कुणी विषयच काढला नाही. पगारेताई काउंटरवर होत्या आणि तिथलं काम बिनबोभाट चालू होतं.

एक गोष्ट मात्र फक्त मला दिसायची. अचानक हसू आलं की त्यांचा डावा हात आपोआप वर यायचा, आणि उजव्या हातानं त्या त्याचं मनगट धरून खाली आणायच्या. तारा निघाल्यावरही ते चालूच राहिलं. दात सरळ झाले, ओठ मिटायला लागले. डॉक्टरांनी आरसा दिला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी विचारलं, "कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "चांगलं. पण आपण कुणीतरी दुसरी होऊ असं वाटलं होतं. तीच आहे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं झालं तीच आहे. तिनंच हे सगळं केलं."

पुढे कारखान्यानं लोक कमी केले तेव्हा ताई स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडल्या. वसाहतीतल्या मुलींना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करायला लागल्या. समोर खुर्चीत बसवायच्या आणि स्वतःचं नाव न अडखळता सांगायला लावायच्या.

माझी मुलगी मृणाल तेव्हा बारा वर्षांची होती. तिचा वरचा एक सुळा हिरडीत उंचावर, आडवाच आला होता. मला त्या सुळ्याशिवाय काही दिसेनासं झालं होतं. कॉलेज रोडच्याच डॉक्टरांची वेळ मी घेतली आणि जाताना तिला ताईंकडे नेलं. म्हटलं, ताई स्वतःचं सांगतील, म्हणजे पोरगी कुरकुर करणार नाही.

ताईंनी तिला पेरू कापून दिला, शाळेचं विचारलं. मृणालनं वर्गातल्या कुणाची तरी नक्कल केली आणि स्वतःच खो खो हसली, तोंडातल्या पेरूसकट. ताई तिच्याकडे एकटक बघत होत्या. मग विचारलं, "खाताना टोचतो का गं तो दात? दुखतो?"

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

मी म्हणाले, "शाळेच्या तपासणीत सांगितलंय, त्रास काही नाही, फक्त दिसायला."

"तुला सरळ करून हवाय?"

मृणालनं खांदे उडवले. "आईला हवाय."

ताईंनी तिला गच्चीवर धाडलं आणि माझ्याकडे वळल्या. "तासभर बघतेय मी तिला. तिचा हात एकदाही तोंडाकडे गेला नाही. तू तिला आज नेलंस तर उद्यापासून तो हात जायला लागेल."

"पण पुढे तिला वाटलं तर, ताई?"

"वाटलं तर ती सांगेल, आणि त्या दिवशी तू तिच्याबरोबर जा. मी अडतिसाव्या वर्षी गेले, तिला कसली घाई आहे? पण तोपर्यंत तिच्या तोंडाकडे असं बघू नकोस. बोलत असेल तेव्हा डोळ्यांकडे बघ."

  थोड्या वेळानं मी गच्चीवर गेले. मृणाल कठड्याला टेकून उभी होती.

"निघायचं डॉक्टरकडे?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मघाशी नक्कल केलीस ती कुणाची? मला नीट कळली नाही. परत करून दाखव."

ती परत करायला लागली, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.