एका तासाची चावी

चष्मा डोक्यावर सरकवायचा आणि विचारायचं, "कशाला? आणि किती वेळ?" अंधेरीच्या आमच्या ऑफिसात डेटाबेस उघडायची परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाला ताईंचे हे दोन प्रश्न ठरलेले. साहेबांचीही त्यातून सुटका नव्हती. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या टेबलाजवळ जायच्या आधी आपण मनात उत्तराची तालीम करतो.

त्या येण्याआधी आमचा कारभार धर्मशाळेसारखा होता. ग्राहकांची सगळी माहिती एकाच पासवर्डमागे, आणि तो पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो पाठ होता. ताईंनी तो मोडीत काढला आणि एक नवी प्रणाली बसवली. तिला आम्ही तिजोरी म्हणायचो. या तिजोरीत तयार चावी नसतेच. तुम्ही मागितलीत की ती त्या क्षणी तुमच्या नावाची चावी, म्हणजे एक टोकन, बनवते आणि मुदत संपली की ते टोकन आपोआप मरतं. चोराच्या हाती लागलं तरी त्याला त्याचा फार वेळ उपयोग नाही.

बाई एवढ्या कडक, पण वाकोल्याच्या चाळीत त्या एकट्या राहायच्या त्या खोलीची चावी शेजारच्या मालवणी काकूंच्या दारामागे खिळ्याला लटकलेली असायची. गॅसवाला येवो, भाचरं येवोत, कुणीही न्यावी. मी एकदा त्यावरून चिडवलं तर म्हणाल्या, "तिथे मी सगळ्यांना ओळखते रे. इथे सोमवारी सकाळी मी स्वतःलाही ओळखत नाही." ते खरंच होतं. ऑफिसात त्या स्वतःसाठीही तासाभराचंच टोकन घ्यायच्या.

एकदा मात्र त्यांचा हिशेब चुकला. महिनाअखेरीला बिलं पाठवणारा प्रोग्रॅम नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला आणि त्याचं टोकन मध्येच संपलं. निम्मी बिलं गेली, निम्मी अडकली. साहेब तापले आणि कायमची चावी देऊन टाका म्हणाले. ताईंनी चूक कबूल केली, पण कायमची चावी काही दिली नाही. मुदत संपत आली की त्या प्रोग्रॅमनेच तिजोरीकडे ती वाढवून मागायची, अशी सोय त्यांनी मला शेजारी बसवून करून घेतली.

"जिवंत असेपर्यंतच वाढवून मिळतं," त्या म्हणाल्या. "मेल्यावर नाही."

मग त्या आजारी पडल्या. रजेवर जाताना त्यांनी तिजोरी माझ्या हाती सोपवली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्या हॉस्पिटलातून वाकोल्याला परत आल्या, आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता. तिजोरीत यायचंय म्हणाल्या. मी काही न विचारताच टोकन बनवायला घेतलं.

"विचार ना. काय शिकवलंय तुला?"

"कशाला?"

"सगळं नीट चाललंय का बघायचंय. बाकी काही नाही."

"किती वेळ?"

"तासभर दे. पुरे."

मी टोकन दिलं. माझ्या स्क्रीनवर त्यांचं नाव दिसायला लागलं. त्या कशालाही हात लावत नव्हत्या. इतरांची टोकनं तयार होत होती, संपत होती, तेवढं बघत होत्या. तास संपत आला तसा मीच फोन केला आणि वाढवून देऊ का, असं विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "छान चाललंय तुमचं."

पुढच्या आठवड्यात ताई गेल्या. कुणी नोकरी सोडून गेलं की त्याच्या नावावर जे काही उघडं असेल ते शोधून बंद करायचं, असा नियम आहे. ताईंच्या बाबतीतही तसा निरोप आला. मी सगळीकडे शोधलं. बंद करण्यासारखं काहीच नव्हतं, सगळं मुदत संपून आधीच मिटलेलं. त्यांनी आयुष्यभर हेच तर घडवून आणलं होतं. पण मला एखादं तरी उघडं सापडायला हवं होतं. मी जिन्यात जाऊन रडलो.

दिवसकार्य झाल्यावर ऑफिसचा लॅपटॉप आणायला वाकोल्याला गेलो. काकूंनी माझं नावही विचारलं नाही. दारामागची चावी काढली आणि खोली उघडून दिली. मी लॅपटॉप घेऊन बाहेर आलो तेव्हा त्यांनी कुलूप लावलं आणि चावी पुन्हा खिळ्याला अडकवली.

"आता कशाला, काकू?"

"ऱ्हवांदे थंयच," त्या म्हणाल्या. "कोणाक लागली तर."

किती दिवस, ते मी विचारलं नाही.