मॅचखाली गेलेली लोंबी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या वैशालीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे—कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये तिचं घर आमच्या भिंतीला लागून. व्हीसीआर त्यांच्याकडे होता, आमच्याकडे नव्हता. पण मी जळायचे ती त्या व्हीसीआरवर नाही. कॅसेट लावली की सिनेमाच्या आधी कंपनीचं चिन्ह यायचं—काळ्या पडद्यावर सोनेरी अक्षरं गरगर फिरत यायची आणि एका जागी थांबून चमकायची. आम्ही तेवढ्यात पाणी पिऊन यायचो. वैशाली मात्र तेच परत परत पाहायची, आणि तिचे बाबा—आमचे काकाजी—फॅक्टरीतून थकून आलेले, तिच्यासाठी कॅसेट मागे घेत बसायचे! माझ्या बाबांनी माझं एकही चित्र कधी हातात घेतलं नव्हतं. दुखणं तिथे होतं.

मग वैशालीने स्वतःचंच चिन्ह करायला घेतलं. ढीगभर कागदांवर धानाची लोंबी काढली, दर कागदावर जराशी वळलेली. शेवटी दाणे सुटायचे आणि त्यांची अक्षरं व्हायची—‘वैशाली व्हिडिओ’. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून काकाजींनी एका रविवारसाठी कॅमेरा मागून आणला. चित्र ठेवायचं, बटण दाबायचं, लगेच थांबवायचं, दुसरं ठेवायचं. दिवसभर दोघं खपली, आणि हाती आलं ते बघता बघता संपणारं. पण काय फिरायची हो ती लोंबी! मी टाळ्या वाजवल्या. आतून मात्र जळत होते.

काकाजींनी स्क्रू-ड्रायव्हरने लोंबीच्या कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा तोडून टाकला. तो तोडला की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. पण त्या भोकावर टेप चिकटवली की व्हीसीआर फसतो. काकाजी स्वतः जुन्या कॅसेटवर अशीच पट्टी लावून क्रिकेटची मॅच उतरवून घ्यायचे. क्वार्टरच्या आख्ख्या लाइनीला ते ठाऊक होतं. मलाही.

जयंतीच्या कार्यक्रमात कॉलनीच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा आणि त्याच्या आधी वैशालीचं चिन्ह, असं ठरलं. त्याआधी ती आईबरोबर आंधळगावला मामाकडे गेली. काकाजी ड्युटीवर. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली आमच्याकडे.

रागाच्या भरात केलं असं म्हणू? नाही. मी मॅच सुरू व्हायची वाट पाहिली. त्यांच्याच ड्रॉवरमधली खाकी टेप घेतली, त्यांच्यासारखी दुहेरी लावली, लोंबीवर मॅच उतरवली—आणि पट्टी मुद्दाम तशीच ठेवली. एवढी अक्कल होती मला.

हॉल भरला होता. कॅसेट लागली आणि पडद्यावर बॅट्समन पळाला. लोक पोट धरून हसले. काकाजींनी कॅसेट काढली, पट्टीवर बोट फिरवलं. “माह्याच हातून झालं असन, बेटा,” एवढंच म्हणाले. वैशालीने घरी जाऊन सगळे कागद फाडले. बापाशी कितीतरी दिवस बोलली नाही, आणि पुन्हा लोंबी काढली नाही. आणि मी? भिंतीपलीकडचा तो अबोला ऐकून मला—सांगू का?—बरं वाटलं.

इथे संपलं असतं तर पोरवय म्हणून सोडूनही दिलं असतं कुणी.

गेल्या वर्षी काकाजी भंडाऱ्याला दवाखान्यात होते. मी भेटायला गेले. वैशाली औषधं आणायला खाली गेली होती. त्यांनी माझा हात धरला.

“पोरी, ते पट्टी मी नव्हती लावली, असं मले राहून राहून वाटते. तू त तिथंच राहे. तुले काही आठवते काय?”

खोलीत आम्ही दोघंच. सांगता आलं असतं. पण इतक्या वर्षांनी, नाकात नळी असताना, या माणसाला अजून तिचीच लोंबी आठवत होती—आणि मी पुन्हा तशीच जळले.

“तुम्हीच लावली होती, काकाजी,” मी म्हटलं. “विसरले तुम्ही.”

त्यांनी मान हलवली. वैशाली वर आली तेव्हा त्यांनी हात जोडून तिची पुन्हा एकदा माफी मागितली. मी त्यांना पाणी पाजलं. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत.